पहिल्या अंकातलं गाणं

एडनाबाईंच्या घरी मी पहिल्यांदा गेलो तो दिवाळीचा फराळ द्यायला, आणि पाचव्या मिनिटाला माती खाल्ली.

त्यांच्या हॉलमध्ये टीव्ही नव्हता. टीव्हीच्या जागी भिंतीवर एकच मोठा कृष्णधवल फोटो होता, नाटकातला. मधोमध झगमगता झगा घातलेली एक देखणी बाई दोन्ही हात पसरून गात होती. शेजारच्या म्हाताऱ्या बाई एके काळी लंडनला संगीत नाटकांतून कामं करायच्या, एवढं मला बिल्डिंगच्या सुपरिंटेंडेंटने सांगितलेलं होतं. बाकीचं मी माझ्या हुशारीवर सोडलं. चकल्यांचं ताट खाली ठेवलं, चष्मा पुसला आणि फोटोसमोर उभा राहून म्हणालो, "काय सुंदर दिसत होता तुम्ही! चेहरा अजून तोच आहे बघा."

"ती मॅडम," त्या म्हणाल्या. मग उठल्या आणि फोटोच्या अगदी उजव्या कडेवर नखाने टकटक केलं. "मी ही."

तिथे मला कोणी दिसेना. डोळे बारीक करून पाहिलं तेव्हा चौकटीच्या लाकडातून आत घुसलेलं एक कोपर दिसलं. बाकीची एडनाबाई चौकटीबाहेर राहिली होती.

आता अशा वेळी शहाण्या माणसाने चहा मागावा. मी म्हणालो, "छान आहे कोपर."

त्या इतक्या हसल्या की त्यांना खुर्चीत बसावं लागलं. "साठ वर्षांत माझ्या कामाबद्दल आलेला हा सगळ्यात प्रामाणिक अभिप्राय," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी चकलीचा तुकडा मोडला. त्या अर्थात इंग्रजीत बोलायच्या, आणि असं इंग्रजी की ऐकताना आपण शर्टाचं बटण लावून घ्यावं. मी इथे माझ्या ठाण्याच्या मराठीत उतरवतोय, तेवढं सांभाळून घ्या.

टोरांटोतल्या स्कारबरोच्या या बिल्डिंगमध्ये अकराव्या मजल्यावर आम्ही सहा वर्षं शेजारी होतो. मधली भिंत म्हणजे नुसता पुठ्ठा. रोज सकाळी दहा वाजता एडनाबाई आवाज लावायच्या. खालून वर, वरून खाली, मग मांजराने शेपटी दारात अडकवून घ्यावी तसे काही आवाज. त्याच वेळी मी घरून ऑफिसच्या मीटिंगमध्ये असायचो. माझी मॅनेजर एकदा फार हळुवारपणे म्हणाली, "श्री, घरी सगळं ठीक आहे ना?"

ऑफिसात मी गेली वीस वर्षं 'श्री' आहे. पुढचं कोणाला झेपत नाही. एडनाबाईंनी मात्र माझं नाव एकदा ऐकलं आणि दुसऱ्या क्षणी म्हटलं, "श्रीकांत." कांतमधला 'त'सुद्धा दातांवर आपटून. माझ्या मुलीला, ईशाला, तो जमत नाही.

मला मात्र त्यांचं नाव घ्यायला जीभ वळत नव्हती. पंच्याऐंशीच्या घरातल्या बाईंना नुसतं 'एडना' कसं म्हणायचं? म्हणून दुसऱ्या भेटीत मी 'मॅडम' म्हणालो. त्यांनी हात वर केला. "ते नको. मॅडम एकच होती. आणि तिच्यानंतर मी कोणाला मॅडम म्हणणार नाही, कोणी मला म्हणू नये." तेव्हापासून समोर असताना मी त्यांना काहीच म्हणायचो नाही. घरात आपसात 'एडनाबाई'.

एडनाबाईंचं सगळं आयुष्य ज्या कामात गेलं त्याला तिकडे अंडरस्टडी म्हणतात. मुख्य नटी आजारी पडली तर तिच्या जागी उभी राहायची ती. नाटक पूर्ण पाठ हवं, गाणी बसवलेली हवीत, झगा मापाचा हवा. मग रोज थिएटरात जायचं आणि वाट बघायची. मॅडमची तब्येत ठणठणीत असेल तर मागच्या घोळक्यात गावकरी म्हणून उभं राहायचं, आणि फोटोत कोपर येतं.

"मॅडमना कधी काही झालंच नाही?" मी विचारलं होतं.

"अडीच वर्षं मी रोज संध्याकाळी तिच्या खोलीच्या दारावर टकटक करायचे आणि विचारायचे, घसा कसा आहे? ती रोज म्हणायची, उत्तम! सगळ्यांना सांगायची, एडना किती प्रेमळ मुलगी आहे."

मला फार बरं वाटलं ऐकून. एवढ्या स्पर्धेच्या धंद्यात एवढी माया.

"एकदा तिला फ्लू झाला," त्या पुढे म्हणाल्या. "एकशे तीन ताप. मी झगा चढवून तयार. आणि मॅडम विंगेत बादली ठेवायला सांगून स्टेजवर गेली. गाणं म्हणायची, विंगेत यायची, बादलीत ओकायची, ओठ पुसून परत जायची. टाळ्यांनी छप्पर उडालं."

"आणि तुम्ही?"

"बादली कोणी धरली असेल असं तुला वाटतं?"

अशी माणसं कडवट होतात. एडनाबाई झाल्या नव्हत्या असं म्हणायचा मोह होतो, पण ते खरं नाही. कडवटपणा होता, पण त्यांनी तो इस्त्री करून घडी घालून ठेवला होता. इथे कॅनडात त्या एका फिरत्या नाटकाबरोबर आल्या, तेही अंडरस्टडी म्हणूनच. टोरांटोत स्टेजवरचे सेट ठोकणाऱ्या वॉल्टर नावाच्या सुताराशी लग्न केलं आणि राहिल्या. मग शाळांतून गाणं शिकवलं, आणि बरीच वर्षं एका टेलिफोन कंपनीसाठी आवाज दिला. 'आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. कृपया प्रतीक्षा करा.' "लाखो लोकांनी मला ऐकलंय, श्रीकांत," त्या म्हणायच्या. "आणि एकूण एक माणसाने शिव्या घातल्यात."

त्यांची एक सवय आमच्या घराला फार महागात पडली. नाटकवाल्यांच्यात पडदा उघडण्याआधी पस्तीस मिनिटं प्रत्येकाने थिएटरात हजर राहून दाराशी टांगलेल्या कागदावर सही करायची असते. त्या वेळेला त्यांच्यात 'हाफ' म्हणतात. हाफ म्हणजे अर्धा तास असायला हवा, पण पस्तीस मिनिटं. का, ते विचारायचं नाही. या नियमाने एडनाबाई कुठेही पस्तीस मिनिटं आधी जायच्या. डेंटिस्टकडे, चर्चला, आणि आमच्याकडे जेवायलाही. आपण सात म्हणतो तेव्हा आपल्या मनात पावणेआठ असतात. माझी बायको वैशाली केसाला तेल लावून, गाऊनवर, कुकरची शिट्टी मोजत असायची आणि सहा पंचविसाला बेल वाजायची. दारात मोत्यांची माळ घालून एडनाबाई.

"यांना सांग ना काहीतरी," वैशाली स्वयंपाकघरातून मला दबक्या आवाजात म्हणायची.

"काय सांगू? वेळेवर येऊ नका म्हणून?"

"डॅड," ईशा फोनमधून मान वर न काढता म्हणायची, "शी इज नॉट अर्ली. यू गाइज आर लेट. फॉर एव्हरीथिंग."

पण तेल लावलेल्या केसांनीच वैशालीची आणि त्यांची गट्टी जमली. एडनाबाई ओट्याशी उभ्या राहून कोथिंबीर निवडायच्या. मला त्या स्वयंपाकघरात येऊ द्यायच्या नाहीत. म्हणायच्या, "तू प्रेक्षकांत बस."

आता मूळ गोष्टीकडे येतो. ती टाळता आली असती तर मी चकल्यांवर आणखी चार पानं लिहिली असती.

दोन वर्षांपूर्वी आमच्या मंडळाने दिवाळीच्या कार्यक्रमात एकांकिका करायचं ठरवलं. आमचे अध्यक्ष करमरकर. एकांकिका त्यांनीच लिहिलेली, दिग्दर्शन त्यांचं, मुख्य भूमिका त्यांची, आणि तालमी आमच्या बिल्डिंगच्या पार्टी रूममध्ये. मला डॉक्टरचं काम होतं. चौदा वाक्यं. वैशाली कपडेपट सांभाळायची. तिच्याबरोबर एडनाबाईही येऊन कोपऱ्यात विणकाम घेऊन बसायच्या. मराठीचा एक शब्द येत नव्हता. आम्हाला वाटायचं, म्हातारीचा वेळ जातो.

चौथ्या तालमीला माझं आठवं वाक्य गेलं. गेलं म्हणजे समूळ गेलं. करमरकर पलंगावर मरणासन्न पडून माझ्याकडे बघतायत, मी त्यांचं मनगट धरून छताकडे बघतोय, आणि कोपऱ्यातून शांत, स्वच्छ आवाज आला, "रक्तदाब वाढलाय, पण काळजीचं कारण नाही."

सगळे वळले. एडनाबाईंच्या सुया चालूच होत्या. काळजीतला 'ळ' असा, की करमरकरांच्या इथे जन्मलेल्या दोन्ही मुलांना बोलावून ऐकवावा.

करमरकर मरणशय्येवरून उठले. "यांना मराठी येतं?"

येत नव्हतं. पण तीन तालमींत सगळ्यांची सगळी वाक्यं कानाने उचललेली होती. आम्ही गंमत म्हणून परीक्षा घेतली. करमरकरांचं दीड पानाचं स्वगत त्यांनी म्हणून दाखवलं आणि करमरकर जिथे चुकतात तिथे त्या चुकल्या नाहीत.

"अर्थ कळतो का?" मी विचारलं.

"अर्थ नटांना लागतो. आम्हाला ओळी लागतात."

करमरकर माणूस मोठ्या मनाचा, हे मला कबूल केलंच पाहिजे. तिथल्या तिथे मला म्हणाले, "सबनीस, या बाईंचं गाणं ठेवायचं आपल्या कार्यक्रमात. सात मिनिटं दिली." मी ते एडनाबाईंना सांगितलं. त्यांनी विणकाम पिशवीत भरलं आणि गेल्या.

तीन दिवसांनी बेल वाजली. "पियानो खरा आहे की बॅटरीवरचा?"

"शाळेचं ऑडिटोरियम आहे. खरा आहे."

"माणसं किती येतील?"

"साडेतीनशे तरी."

त्या आत येऊन बसल्या. वैशालीने चहा ठेवला. मग जे सांगितलं ते मी या आधी कधी ऐकलं नव्हतं.

मॅडमच्या त्या नाटकात एका शिवणकाम करणाऱ्या मुलीची गोष्ट होती. पहिल्या अंकाच्या शेवटी ती दुसरीच्या लग्नाचा झगा स्वतःच्या अंगावर घालून आरशासमोर एकटी उभी राहते आणि गाते. ते गाणं म्हणजे नाटक. लोक तिकीट त्यासाठी काढायचे. एडनाबाई ते गाणं दर गुरुवारी दुपारी अंडरस्टडींच्या तालमीत रिकाम्या खुर्च्यांसमोर म्हणायच्या. आणि अडीच वर्षांनी एकदा, मध्यंतरात, मॅडमचा पाय मुरगळला.

"गेलात तुम्ही?" वैशालीचा चमचा हवेतच राहिला.

"गेले. व्यवस्थापकाने पडद्यापुढे जाऊन सांगितलं की उरलेला प्रयोग एडना थॉर्नबी करतील. हजार माणसांनी एकदम सोडलेला सुस्कारा तुम्ही ऐकलाय कधी? मी पडद्यामागून ऐकला. मग दुसरा अंक केला. चांगला केला."

"पण मध्यंतरात म्हणजे..." मी म्हणालो.

"हो. गाणं पहिल्या अंकात होतं."

चहा निवला. बाहेर कचऱ्याची गाडी मागे-मागे जात टुंग-टुंग करत होती.

"दुसऱ्या दिवशी मॅडम पायाला पट्टी बांधून हजर. त्यानंतर मी ते भांडी घासताना म्हटलंय, वॉल्टरला म्हटलंय. माणसांसमोर नाही." त्यांनी कप सरळ केला. "सात मिनिटं नकोत. साडेचार पुरतात."

पियानोवर साथीला आग्नेल डाबरे मिळाला. आग्नेल वसईचा, चर्चमध्ये वाजवतो, सहाव्या मजल्यावर राहतो. रविवारी मिस्सा आटोपून तो एडनाबाईंकडे यायचा. आणि भिंतीतून आम्ही ते गाणं ऐकायचो. आवाज पिकला होता, वरच्या सुरांना तडा जायचा. पण ती मुलगी आरशासमोर उभी आहे हे भिंतीच्या या बाजूलाही दिसायचं. वैशाली पोळी लाटता लाटता थांबायची. शेवटाकडे गाणं हळू हळू चढत जायचं, आता ती काहीतरी म्हणणार असं वाटायचं, आणि खट्कन बंद.

"अरे, शेवटची लाइन गातच नाहीत बाई," आग्नेल मला लिफ्टमध्ये म्हणाला. "मी कॉर्ड धरून बसतो आपला मूर्खासारखा. म्हणतात, शेवटची ओळ तालमीत म्हणायची नसते. ती प्रेक्षकांसमोरच. नाहीतर प्रयोग बिघडतो म्हणे."

करमरकरांनी माझ्यावर काम सोपवलं ते त्यांची ओळख करून द्यायचं. "दोन मिनिटं. आणि मग आपण शाल-श्रीफळ देऊ. एवढी मोठी कलावंत, सत्कार नको का?" मी मानपत्रच लिहायला घेतलं, निम्मं मराठीत, निम्मं इंग्रजीत. लिहिता लिहिता मला माझं लिखाण आवडायला लागलं. हा रोग मला कॉलेजपासून आहे. आठवडाभर रोज संध्याकाळी मी हॉलमध्ये उभा राहून, भिंतीकडे तोंड करून मोठ्याने सराव करत होतो.

"दोन मिनिटं म्हणजे दोन मिनिटं," वैशाली म्हणाली.

"लोकांना कळायला नको का, कोण गातंय ते?"

त्या आठवड्यात एडनाबाई माझ्याशी विशेष जिव्हाळ्याने वागत होत्या. लिफ्टमध्ये भेटल्या की आधी विचारायच्या, "श्रीकांत, घसा कसा आहे?" मी म्हणायचो, "फर्स्ट क्लास!" दुसऱ्या दिवशी टपालपेटीपाशी, पुन्हा, "घसा?" "एकदम ठणठणीत!" एका खऱ्या व्यावसायिक नटीने मला आपल्यात धरलं, याने मी इतका फुललो होतो की रात्री हळदीचं दूधही घ्यायला लागलो.

कार्यक्रम शनिवारी दुपारी दोन ते सहा. एडनाबाई एक पंचविसाला हजर. ऑडिटोरियमचं दार उघडायचंच होतं; त्या कोट घालून बाहेर थंडीत उभ्या. दार उघडल्यावर ग्रीनरूमच्या दाराला त्यांनी घरून आणलेला कागद चिकटवला. त्यावर आम्हा सगळ्यांची नावं, सुबक अक्षरात, आणि प्रत्येकापुढे सहीला जागा. आपल्या नावापुढे सही केली आणि आरशासमोर जाऊन बसल्या. संध्याकाळी तो कागद मीच काढला. त्यावर एकच सही होती.

दोनचा कार्यक्रम दोन पन्नासला सुरू झाला. समई बॅटरीवरची, कारण खरी लावली तर फायर अलार्म वाजतो. पण प्रज्वलनाला पाच जोडपी. मग घरं विकणारे एक स्पॉन्सर बोलले. मग घरांना कर्ज देणारे बोलले. मग छोट्या मुलांचा नाच, गाणं मध्येच अडकलं म्हणून पुन्हा पहिल्यापासून. मग आमची एकांकिका, जिच्यात करमरकर तालमीपेक्षा सात मिनिटं जास्त वेळ मेले. मी विंगेत पाय आपटत होतो. कोणाकोणाला मनातल्या मनात शिव्या घालत होतो त्याची यादी मोठी आहे, आणि त्या यादीत माझं नाव नव्हतं.

पावणेसहाला करमरकर घाम पुसत आले. "सबनीस, पंधरा मिनिटं आहेत. केअरटेकर म्हणतोय सहाला लाइट बंद. दोन तुम्ही, सात बाई, चार आभार. बसतंय."

"बसतंय," मी म्हणालो आणि माइकपाशी गेलो.

कोपराच्या गोष्टीने सुरुवात केली. हशा आला. साडेतीनशे माणसांचा हशा माझ्या वाट्याला पूर्वी कधी आला नव्हता. मग बादली सांगितली. टाळ्या. टेलिफोन कंपनीचा आवाज मी काढून दाखवला. हे कागदावर लिहिलेलं होतं, पण इतकं रंगेल असं वाटलं नव्हतं. विंगेत वैशाली दोन्ही हात खाली-वर करत होती. मी भरभर बोलतो अशी तिची नेहमीची तक्रार, म्हणून मी सावकाश बोलायला लागलो. मग ते मध्यंतर, तो सुस्कारा, पहिल्या अंकातलं ते गाणं. पुढच्या रांगेत कोणीतरी नाक ओढलं. "साठ वर्षं हे गाणं वाट बघतंय," मी म्हणालो, आणि लोक उभे राहिले.

लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. एडनाबाई विंगेतून आल्या, निळा झगा, मोत्यांची माळ, आणि स्टेजच्या बरोबर मध्ये उभ्या राहिल्या. करमरकरांनी शाल पांघरली, हातात नारळ दिला. टाळ्या थांबेनात. त्यांनी नारळ पोटाशी धरून वाकून नमस्कार केला. आग्नेलने सुरुवातीचे सूर हलकेच छेडले. मी त्यांच्या शेजारी होतो. त्यांनी श्वास घेतला. खांदे न हलवता, कंबरेपासून, भरून घेतला.

आणि करमरकर माइकमध्ये म्हणाले, "थँक यू, एडनाजी! वेळेअभावी आपण इथेच थांबतोय. आता आभारप्रदर्शन."

तो श्वास त्यांनी कोणाला ऐकू जाणार नाही असा सोडला. मला ऐकू आला.

मी अकरा मिनिटं बोललो होतो.

"अहो, गाणं!" मी करमरकरांचा कुडता धरला.

"चार मिनिटं उरलीत, सबनीस. स्पॉन्सर समोर बसलेत, आभार कसे टाळणार? पुढच्या वर्षी पहिला आयटम बाईंचा. आणि काय बोललात हो तुम्ही! वा!"

सहाला केअरटेकरने खरंच लाइट बंद केले. पार्किंगमध्ये, मिठाईचे डबे हातात घेऊन, पाच वेगवेगळ्या लोकांनी मला गाठून सांगितलं की आजचा बेस्ट आयटम तुमचा. पाचव्याला मी जवळजवळ डबा फेकून मारला.

एडनाबाई आमच्या गाडीत मागे बसल्या होत्या. एका सिग्नलला त्या म्हणाल्या, "हाऊस छान होतं." प्रेक्षकांना त्यांच्यात हाऊस म्हणतात. मग मांडीवरच्या नारळाकडे बघून, "याचं काय करायचं असतं?"

सिग्नल हिरवा झाला, मी गाडी पुढे काढली.

नंतर मी सगळे उपाय केले. आमच्या हॉलमध्ये खुर्च्या लावतो, तीस माणसं बोलावतो, आग्नेल कीबोर्ड आणेल. "घरात मी रोजच गाते," त्या म्हणाल्या. मी इतक्यांदा माफी मागितली की शेवटी त्यांनी हात वर केला, 'मॅडम' म्हटल्यावर केला होता तसाच. दहाची साधना चालू राहिली, पण ते गाणं भिंतीतून पुन्हा आलं नाही. मी मीटिंगमध्ये बसून वाट बघायचो. मॅनेजर म्हणायची, "श्री, यू आर ऑन म्यूट."

फेब्रुवारीत त्यांची भाची ओटावाहून आली. गुडघे, बर्फ, एकटं राहणं, सगळं तेच. तिच्या घराजवळच्या वृद्धाश्रमात खोली मिळाली होती. टॅक्सी अकराला येणार होती. दहा पंचविसाला मी खाली गेलो तर एडनाबाई लॉबीत, दोन बॅगा आणि कागदात गुंडाळलेला तो फोटो घेऊन बसलेल्या. कोटावर आमच्या मंडळाची शाल. पर्स फुगलेली.

"नारळ आहे," त्या म्हणाल्या. "तुम्ही लोकांनी सांगितलंच नाहीत शेवटपर्यंत."

वैशालीने त्यांना मिठी मारली. भाची बॅगा घेऊन बाहेर गेली. मला राहवलं नाही. "गाणं नको. शेवटची ओळ तेवढी सांगा. नुसती सांगा."

त्यांनी लॉबीवर नजर फिरवली. सुपरिंटेंडेंट दारातल्या बर्फावर मीठ टाकत होता. एक मुलगी कुत्र्याच्या पायात बूट घालत होती. ती, तो, कुत्रा, आम्ही दोघं.

"हाऊस फारच पातळ आहे, श्रीकांत," त्या म्हणाल्या, माझ्या गालावर दोन बोटं टेकवली आणि गेल्या. टॅक्सी वळली तेव्हा काचेला टेकलेलं त्यांचं कोपर तेवढं दिसलं.

आम्ही लिफ्टशी आलो. मी चरफडत होतो. "एक शब्द तरी बोलायचा त्यांनी मला. आवर म्हणायचं. मी काय आवरलं नसतं?"

"तिला माहीत होतं," वैशाली म्हणाली. "तू चौथ्या मिनिटाला होतास तेव्हा विंगेत मला म्हणाली, अजून सात आहेत. आठवडाभर भिंतीला कान लावून ऐकत होती, घड्याळ लावून. म्हणून तर मी हात करत होते तुला."

"मग मला आधी सांगितलं का नाही?"

"मी तेच विचारलं. म्हणाली, स्टेजवर जो उभा आहे त्याला उतर म्हणणं आमच्यात बसत नाही." वैशालीने अकराचं बटण दाबलं. "अरे, आठवडाभर रोज तुझा घसा विचारत होती ती. तुला काय वाटलं, काळजीने?"